रकाना सातवा

अर्ज अकरा आठवडे गाडीच्या खणात पडून होता,
टायरच्या पावत्या आणि बर्फ खरवडायच्या पट्टीखाली.
नाव : वेइको रंतला. वय : अठ्ठावन्न.
काम : बंदरावर, धान्याच्या कोठारात. आता निवृत्त.
सहा रकाने एका दमात भरले.
सातव्यात विचारलं होतं,
चर्चच्या तरुण मुलांसोबत तुम्हाला काम का करायचं आहे?
तिथे पेन टेकवलं की शाई गोठायची.
थंडर बेमध्ये जानेवारीत ती खरोखरच गोठते,
म्हणून बरेच दिवस मी सगळं थंडीवर ढकललं.

जित्याची खोड म्हणतात ना,
माझी आवाजात होती.
दारू सुटली चार वर्षांत, पडत-धडपडत.
आवाज सुटेना.
भिंतीवरच्या बशा त्याला ओळखत.
माझा आंट्टी सतरा वर्षांचा असताना
कोट न घेता घराबाहेर पडला. बाहेर उणे तीस.
कोट अजून खुंटीला आहे.
मी त्याला हात लावत नाही, झटकतसुद्धा नाही.

मार्गिटबाई आमच्या पास्टर.
पोलिसांचा दाखला त्यांनी दोनदा वाचला,
त्यातल्या त्या जुन्या मारामारीच्या ओळीवर
बोट ठेवून थांबल्या.
म्हणाल्या, मुलांसोबत एकटं राहायचं नाही, कधीच नाही.
हा नियम सगळ्यांना आहे, मलाही.
मी म्हणालो, मला चारचौघांत प्रार्थना करता येत नाही.
त्या म्हणाल्या, ते कुठे विचारलंय?
टेबल टेनिसचं जाळं फाटलंय. शिवता येतं का?

येतं.
बाप तळ्यावर मासे धरायचा,
लाकडी सुई माझ्या हातात अक्षरांच्या आधी आली.

पहिल्या शुक्रवारी मी चर्चच्या आवारात
गाडीतच बसून राहिलो, हीटर लावून.
दुसऱ्या शुक्रवारी दारापर्यंत.
तळघराला चौदा पायऱ्या. खालून जळक्या पॅनकेकचा वास,
कुणाचं तरी बेसूर गिटार, आणि हसणं.
त्या हसण्याचीच भीती वाटली, खोटं कशाला सांगू.
तिसऱ्या शुक्रवारी उतरलो.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
डेल्फीन नावाच्या पोरीने फक्त विचारलं,
आजोबा, सिरप कुठे ठेवलंय माहितीये?

मग एका संध्याकाळी टोबिन हरला
आणि बॅट टेबलावर आपटली.
तिचे दोन तुकडे झाले. तळघर गप्प.
त्याच्या मानेवरची शीर मी ओळखली,
माझीच होती ती.
आणि माझ्या घशात तो जुना आवाज वर चढला,
बूट घालून, पायऱ्या मोजत.
मी काय केलं?
हातातली सुई दातांत धरली.
बस्स, एवढंच.
घट्ट. लाकडाची चव आली.

टोबिन वाट बघत उभा. ओरडणार नाही?
दात आवळूनच म्हणालो,
येतं मला. फार चांगलं येतं.
मग?
तोंडात सुई आहे.

तो हसला नाही. खुर्ची ओढली,
जाळ्याचं दुसरं टोक धरून बसला.
बराच वेळ आम्ही गाठी मारत होतो.
त्याची एक सैल झाली, तशीच राहू दिली.

त्या रात्री गाडीतल्या दिव्याखाली
सातव्या रकान्यात लिहिलं :
जाळं अजून अर्धं बाकी आहे.
मार्गिटबाईंनी वाचलं, चष्मा वर सरकवला,
आणि शिक्का मारला.

रविवारी मी आंट्टीला फोन लावला.
त्याने उचलला नाही.
निरोप ठेवला, हळू आवाजात,
इतक्या हळू की त्याला वाटलं असेल
कुणी दुसराच माणूस आहे.